दगडांची हजेरी

पहिल्याच दिवशी माझं हसं झालं ते हजेरीवरून.

पुढ्यात नऊ जण बसले होते, पाच मुली आणि चार मुलगे, सगळे पंचविशीच्या आसपासचे. मी सवयीप्रमाणे वही उघडली आणि इंग्रजीत सांगितलं, नाव पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं. शब्द तेवढा मराठी ठेवला. म्हटलं, परमुलखात आपली एवढी तरी खूण राहू दे. तर वर्गात खसखस पिकली. एक जण बाकाखाली तोंड घालून हसत होता. मला वाटलं, साडी कुठे अडकलीय की काय. शेवटी पहिल्या रांगेतली आमना उठली.

"उस्ताझा, रागावू नका. आमच्या अरबीत हजर म्हणजे दगड."

शिकवणाऱ्या बाईंना ते उस्ताझा म्हणतात आणि हजर असलेल्याला 'हादिर'. आपला शब्द तिथूनच निघालेला, वाटेत झिजून दगड झाला बिचारा. फरक एवढाच की आपल्या हजरमधला ज जहाजातला आणि त्यांच्यातला जिलबीतला. मी म्हटलं, "मग उत्तमच. भूशास्त्राच्या वर्गात दगडच पाहिजेत. म्हणा जोरात!"

"आमना इदरीस हामिद!"

"हजर!"

तेव्हापासून चौदा महिने रोज सकाळी नऊ दगड उठून उभे राहत आणि दिवस सुरू होई.

तिकडे आडनाव नसतं. आपलं, बापाचं आणि आजोबाचं नाव लावतात. माझ्या परवान्यावरही कारकुनाने वाघचौरे गाळून 'सुमन ज्ञानोबा धोंडिबा' असं लिहून टाकलं. धोंडिबाचा अर्थ काय, असं वर्गाने विचारलं. मी सांगितला, तेव्हा पोरं टेबलं बडवून हसली. उस्ताझा दगडाची नात निघाली!

हे सगळं सुदानच्या पूर्वेला, गदारिफमध्ये. युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. राजधानीतलं भूशास्त्राचं कार्यालय जळून गेलं होतं. नकाशे, अहवाल, सत्तर वर्षांची दप्तरं, सगळं खलास. जाणते लोक कुणी मेले, कुणी परदेशी गेले. देशाला नव्याने आपले भूशास्त्रज्ञ घडवायचे होते, आणि त्यासाठी भूजल खात्यातून निवृत्त झालेली, लातूरकडची, सदुसष्ट वर्षांची बाई त्यांना चालली. कारण साधं होतं. गदारिफ म्हणजे काळी माती, खाली लाव्ह्याचा काळा पाषाण, वर ज्वारी आणि तीळ. विमानातून उतरले तेव्हा मला वाटलं, वैमानिकाने चुकून औशालाच आणून सोडलं.

मी का गेले, तेही सांगते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमचं गाव तिथून जवळच. घर पडलं, आजी गेली. मग एक साहेब आले, शेतात यंत्रं पुरली. माझा बाप ज्ञानोबा रोज त्यांना ताक नेऊन द्यायचा. एके दिवशी त्याने विचारलं, "साहेब, आमच्या खाली काय हाय?" साहेबांनी कागदातून डोकं वर न काढता सांगितलं, "तुम्हाला नाही कळायचं." बाप रिकामा तांब्या घेऊन घरी आला. त्याचा तो चेहरा पाहून मी भूशास्त्राला नाव घातलं. पुढे पस्तीस वर्षं ज्याने ज्याने खाली काय आहे म्हणून विचारलं, त्याला मी दगड हातात देऊन सांगितलं. निदान मला तसं वाटत होतं.

गदारिफला वाचलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाभ्यांची वखार. जमिनीत पोकळ नळीने भोक पाडलं की नळीत दगडाचा मनगटाएवढा जाड दंडगोल अडकून वर येतो. तो गाभा. जमिनीच्या पोटात काय आहे ते त्यात वरून खाली ओळीने लिहिलेलं असतं. असे एकोणतीस विंधणांचे, तेवीसशे मीटर गाभे लाकडी पेट्यांत होते. त्यांचा रखवालदार इदरीस, आमनाचा बाप. युद्धात वखारीत माणसं आसऱ्याला आली आणि चुलीला लाकूड मिळेना, तेव्हा इदरीसने पेट्या स्वतः फोडून दिल्या. "लेकरं उपाशी आणि दगडांना पेट्या, हे बरं दिसत नाही," असं तो म्हणाला म्हणे. पण दगड त्याने टाकले नाहीत. पडलेल्या छपराचे नालीदार पत्रे ओढून आणले. पत्र्याची नाली आणि गाभ्याची जाडी बरोबर जुळते. सात महिने लावून त्याने एकेक तुकडा उचलला आणि नालीत ओळीने मांडला. मग सत्त्याहत्तर पत्रे एकावर एक रचले, तारेने आवळले आणि पुढे ज्वारीच्या पोत्यांची भिंत केली. सैनिक दोनदा येऊन गेले. त्यांना पोतीच दिसली.

मी गेले तेव्हाही पोती तशीच होती. वखार दुरुस्त होईपर्यंत ती हलवायची नाहीत असं ठरलं होतं, म्हणून वर्ष उघड्या टेकड्यांवर आणि युद्धानंतर पाडलेल्या चार नव्या विंधणांच्या, नव्या पेट्यांत ठेवलेल्या गाभ्यांवर शिकवण्यात गेलं. इदरीसला इंग्रजी येत नसे आणि मला अरबीचे दहा शब्द. तरी तो रोज वर्गाच्या दाराशी तिपाईवर बसून ऐके आणि मधल्या सुट्टीत आल्याची कॉफी पाजे.

पहिला धडा मी गुर्रासावर शिकवला होता. गुर्रासा म्हणजे आपल्या धिरड्याची थोरली बहीण. तव्याकडची बाजू गुळगुळीत, वरच्या बाजूला जाळी. "लाव्हाही असाच," मी सांगितलं. "त्यात वायू असतो. लाव्हा पसरला की वायू वर चढतो आणि थराच्या माथ्याशी बुडबुडे थिजून राहतात. तळ घट्ट, माथा जाळीदार. पाणी त्या जाळीत साठतं. आमचे विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बुडबुडे कुठे?"

"वर!" नऊ जण ओरडले. दाराशी बसलेल्या इदरीसनेही बोट आभाळाकडे केलं.

अकराव्या महिन्यात डॉ. सिद्दीक अवाद यंत्र घेऊन आले. हे मंत्रालयातले अधिकारी. तरुणपणी सहा वर्षं पुण्यात शिकलेले, त्यामुळे मला पाहिलं की त्यांचं मराठी उसळी मारी.

"मॅडम, बरं आहे ना? मिसळ मिळत नाही इथे, माझा नाइलाज."

यंत्राचं रीतसर नाव तळदर्शी. मी त्याला पाणाड्या म्हणायचे. आमच्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. याच्याकडे नारळाऐवजी कॅमेरा होता आणि विद्या मात्र खरी होती, हे कबूल करायला हवं. प्रत्येक खनिज प्रकाशातले ठरावीक रंग गिळतं, आपल्या डोळ्यांना न दिसणारेसुद्धा. कॅमेरा गाभ्यावरून फिरला की कुठे काय गिळलं गेलं ते टिपतो आणि बोटाबोटाच्या अंतरावरची खनिजं कळतात. वरून उपग्रह जमिनीची ओढ मोजत असतात. खालचं पाणी घटलं की ती ओढ केसभर कमी होते. हे सगळं तळदर्शीला द्यायचं. जगभरच्या चार कोटी मीटर गाभ्यांवर तो शिकलेला. दोन विंधणांच्या मधली, कुणी न पाहिलेली जमीन कशी असेल ते तो ताडतो आणि आख्खा मुलूख सुरीने कापलेल्या वडीसारखा पडद्यावर उभा करतो.

"हिल्लत रुजूसाठी आणलंय," सिद्दीक म्हणाले. रुजू म्हणजे परतणं. आपण नोकरीवर रुजू होतो तोच हा शब्द. छावण्यांमधून परतणाऱ्या चाळीस हजार माणसांची ती नवी वस्ती होती आणि उन्हाळ्याच्या आत तिथे पाणी लागायला हवं होतं. पुढचं त्यांनी इंग्रजीत सांगितलं, कारण ते मराठीत सांगणं त्यांना जड गेलं असावं. "देणगीदार विचारतात, एक भूशास्त्रज्ञ घडवायला दहा वर्षं लागतात, यंत्राला दहा आठवडे पुरतात. मग वर्ग कशाला? यंत्राने पाणी दाखवलं तर वर्ग बंद. तुमच्या नऊ जणांना कॅमेरा चालवायचं काम मिळेल."

आमना मागे उभी होती. युद्धाची सात वर्षं तिने सीमेपलीकडच्या छावणीत काढली होती, तिथेच पदवी घेतली होती आणि फक्त या वर्गासाठी परत आली होती. ती म्हणाली, "कॅमेऱ्याचं बटण दाबायचं काम छावणीतही मिळालं असतं, डॉक्टर."

गाभ्यांची छायाचित्रं ईदच्या सुट्टीत काढायचं ठरलं. पोरं आपापल्या घरी गेलेली. आमना आजारी मावशीकडे. राहिलो मी, इदरीस आणि कॅमेऱ्याबरोबर आलेले दोन परदेशी तंत्रज्ञ. त्यांच्याकडे आठच दिवस होते. पोती हलली, तारा तुटल्या, पत्रे निघाले. पत्रा कसा ठेवायचा, कुठून सुरू करायचं, ते मी सांगत होते. डाव्या हाताला सुरुवात, उजवीकडे शेवट, दुसरी नाली पुन्हा डावीकडून. गाभे जगभर असेच वाचतात, पुस्तकासारखे.

पहिल्या दिवशी इदरीस माझ्याजवळ आला. पत्र्याच्या टोकावर तळवा थोपटत म्हणाला, "यमीन, उस्ताझा. यमीन."

मला ऐकू आलं 'जमीन'. आता आपल्या भाषेत यांचे इतके शब्द आहेत की मला त्यात नवल वाटलं नाही. म्हातारा दगड थोपटून जमीन म्हणतोय, किती छान! मी हसून म्हटलं, "हो हो, इदरीसभाई. जमीन, जमीन!"

तो जरा थबकला, मग मान डोलावून गेला. चौथ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा तेच. मी घड्याळाकडे बघत म्हटलं, "हो, जमीन." सातव्या दिवशी तिसऱ्यांदा आला तेव्हा मी नुसता हात हलवला. नंतर, नंतर. त्याने छातीवर हात ठेवला आणि तो बाहेर गेला. त्या आठ दिवसांत मी एकाही दगडाकडे नीट पाहिलं नाही.

महिन्याभराने पडदा उजळला. हिल्लत रुजूच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण अकरा किलोमीटरची एक भेग दिसत होती. अलीकडचे थर पलीकडच्या थरांशी मुळीच जुळत नव्हते. जमीन अशी दुभंगली की मधे खडकाचा चुरा होतो आणि चुऱ्यात पाणी मुरतं. पाणाड्याने भेगेवर तीस विहिरींच्या जागा दाखवल्या. वस्तीच तिकडे सरकवायची असं ठरू लागलं.

"झकास!" सिद्दीक म्हणाले आणि मग वर्गाकडे न पाहता कागद आवरू लागले. वर्गाला महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला नऊच्या नऊ जण हजर म्हणाले, पण आवाज असा की मला वही मिटवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आमना डबा घेऊन आली. डब्यात गुर्रासा. तो तिने माझ्यापुढे पालथा ठेवला, जाळी खाली, गुळगुळीत बाजू वर.

"असं कधी भाजतात का, उस्ताझा?"

"नाही."

"पडद्यावर तळदर्शीने थर असे दाखवलेत. प्रत्येक थराचे बुडबुडे खाली. मी काल वखारीत जाऊन बाबांचे पत्रे पाहिले. पत्र्यात बुडबुडे वर आहेत. पडद्यात खाली. दगड तेच, मग उलटे कसे झाले?"

मी डबा तसाच ठेवून उठले. आम्ही वखारीत गेलो. इदरीस झाडत होता, तो थांबला.

"मला वाचून दाखव," मी आमनाला म्हटलं. "सुरुवात कुठून करतेस?"

"इथून," ती म्हणाली. मी असलं काय विचारतेय, हे तिला कळेना. तिचं बोट पत्र्याच्या उजव्या टोकावर होतं.

अर्थात. जे लोक उजवीकडून लिहितात ते उजवीकडूनच मांडणार. इदरीसने आयुष्यात जे काही वाचलं ते उजवीकडून. प्रत्येक पत्र्याच्या उजव्या कडेला निळ्या रंगाने एक अक्षर काढलेलं होतं, बाकदार आणि खाली दोन ठिपके. आठ दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते बदक वाटलं होतं.

"हे काय आहे?"

"'या' हे अक्षर. यमीनमधला 'या'," आमना म्हणाली. "यमीन म्हणजे उजवा." मग ती बापाशी अरबीत बोलली. इदरीसने झाडू भिंतीला टेकवला आणि सावकाश उत्तर दिलं. ते सांगताना आमनाचा आवाज बारीक झाला. "बाबा म्हणतात, मी उस्ताझांना तीनदा सांगितलं, उजवीकडून घ्या. त्या म्हणाल्या, हो हो, यमीन, यमीन. त्या शिकलेल्या. मला वाटलं, यंत्राला कुठूनही चालत असेल."

मी तिथल्याच एका पोत्यावर बसले. मला बाप आठवला, त्याच्या हातातला रिकामा तांब्या आठवला. त्या साहेबाला मी जन्मभर शिव्या दिल्या होत्या. त्याने निदान माझ्या बापाला 'तुम्हाला नाही कळायचं' असं तोंडावर तरी सांगितलं. मी हसून हो हो म्हटलं आणि ऐकलंच नाही. मला रडू आलं, आणि सदुसष्टाव्या वर्षी पोत्यावर बसून रडायची मला लाजही वाटली नाही. इदरीस घाबरला. धावत जाऊन पाणी घेऊन आला.

त्या संध्याकाळी मी पुण्याला माझ्या मुलाला, ओजसला फोन लावला. तो अशीच यंत्रं घडवतो.

"आई, 'मला कळत नाही' असं म्हणायला तळदर्शीला कुणी शिकवलेलंच नसतं," तो म्हणाला. "विसंगती दिसली की ती मिटवणारं कारण तो शोधतो. जुने गाभे उलटे, नव्या चार विंधणांचे सुलटे, मग मधे भेग असणार. पान उलटं धरलंय, हे कारण त्याच्या यादीतच नाही."

"म्हणजे भेग जमिनीत न्हाईच?"

"नाही. ती तुमच्या पत्र्यांच्या आणि नव्या पेट्यांच्या मधे आहे."

"आन् चाळीस हजार मान्सं त्या भेगंवर निघालीत रे बाबा," मी म्हटलं. घाबरले की माझं लातूर बाहेर येतं.

सकाळी मी एका पानावर लिहिलं: गाभे कॅमेऱ्याखाली उलटे लावले गेले. रखवालदार इदरीस हामिद यांनी मला तीनदा सावध केलं होतं. मी समजून घेतलं नाही. चूक सर्वस्वी माझी. वर्गातल्या आमना इदरीस यांनी ती शोधली.

सिद्दीकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "मॅडम, हे पाठवलं तर तुमची नेमणूक जाते. आणि तज्ज्ञच चुकल्या म्हणून वर्गही जाईल." मग हळूच म्हणाले, "असं लिहू या का, की रखवालदाराने पत्रे उलटे मांडले होते? म्हातारा माणूस, युद्धाचा काळ. त्याला कोण काय म्हणेल? तुम्ही वाचता, वर्गही वाचतो."

आमना माझ्या शेजारीच उभी होती. वर्ग गेला तर तिचं काय होईल हे मला ठाऊक होतं, आणि बापाचं नाव त्या कागदावर आलं तर काय होईल हेही. तिने माझ्याकडे पाहिलं मात्र नाही, टेबलाकडे बघत राहिली. मला मोकळं सोडायचं म्हणून ती बघत नव्हती, हे मला कळलं आणि तिची फार माया आली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही पुण्यात होता तेव्हा पाट्या डावीकडून वाचत होता की उजवीकडून?"

ते ओशाळून हसले. "पहिले सहा महिने बसच्या पाट्या उलट्या वाचायचो. दोनदा कात्रजला पोचलो. चूक माझी नव्हती."

"मग इदरीसचीही नाही. त्याने आपल्या देशाचे दगड आपल्या देशाच्या रीतीने मांडले आणि कडेला तसं लिहूनही ठेवलं. वाचता मला आलं नाही. हा कागद असाच जाईल. आणि वर्ग का जावा? यंत्र चुकलं, मी चुकले, चूक वर्गाने धरली. आता वर्गालाच विचारा, पाणी कुठे आहे."

सिद्दीकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग मराठीत म्हणाले, "दहा दिवस. जास्त माझ्या हातात नाही."

ते दहा दिवस मी कधी विसरणार नाही. नऊ जणांनी सत्त्याहत्तर पत्रे अंगणात पसरले. इदरीस कुणाच्याही आधी उठून त्यांवरची धूळ फडक्याने पुसून ठेवी. मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते फार अवघड गेलं. दोनदा जीभ चावली. मांजऱ्या थर एका विंधणातून दुसऱ्यात कुठे जातो, किती उतरतो, हे ते हाताने रेघ ओढून जोडत होते, एकमेकांशी भांडत होते, खोडून पुन्हा काढत होते. नवव्या दिवशी नकाशा झाला. भेग नव्हतीच. जाळीदार थर सलग पश्चिमेकडे उतरत गेला होता, जिथे वस्ती आधी ठरली होती त्याच्या खालीच. आमनाने पेन्सिलीने फुली मारली आणि शेजारी अंदाज लिहिला: ऐंशी मीटर.

दहाव्या दिवशी आम्ही गाभ्यांची तीच छायाचित्रं सुलटी करून पाणाड्याला दिली. त्यानेही जवळजवळ तीच जागा दाखवली. माझं त्याच्याशी वैर नाही. नीट वाढलं तर तो नीट जेवतो. पण ताट उलटं वाढलंय हे सांगायला घरात माणूस लागतं.

विंधण सुरू झालं तेव्हा ऊन चढलं होतं. छावण्यांतून आधी पोचलेली शंभरेक माणसं भोवती उभी होती, बायांनी तोबचे पदर डोक्यावर ओढलेले. तोब म्हणजे आपल्या नऊवारीची मावसबहीणच. साठ मीटर, काळा पाषाण. सत्तर, काळा पाषाण. पंच्याहत्तरला आमनाने माझा हात धरला. ऐंशीला काही नाही. यंत्रावरचा माणूस आमच्याकडे बघू लागला. "चालू दे," आमना म्हणाली. त्र्याऐंशीला आवाज बदलला, भुसभुशीत झाला, आणि भोकातून आधी लालसर चिखल आणि मग पाणी उसळलं.

कुणीतरी जिभेने लुलुलु असा आनंदाचा आवाज काढला आणि सगळ्या बायांनी तो उचलला. इदरीसने ओंजळ भरली. आधी चाखली नाही, माझ्यापुढे आणली. मी प्याले. गोड होतं.

"तीन मीटरने चुकले," आमना रडत म्हणाली.

"मी सत्त्याहत्तर पत्र्यांनी चुकले," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी देणगीदारांचं पत्र आलं. वर्गाला आणखी तीन वर्षं मंजुरी, पुढे त्याचीच देशाची भूशास्त्र संस्था करायची. आमना प्रमुख. आणि ज्या तज्ज्ञांकडून चूक झाली त्यांची नेमणूक महिनाअखेर संपेल. सिद्दीक पत्र घेऊन स्वतः आले, येताना कुठून तरी मटकी आणि फरसाण पैदा करून मिसळ करून घेऊन आले. ती भयंकर होती, मी सगळी खाल्ली. वाईट वाटलं का? वाटलं. उतारवयात चुकीसाठी घरी पाठवलं की लागतंच. पण मी माझी चूक इदरीसच्या नावावर चढवली नाही, याचं समाधान त्याहून मोठं होतं.

शेवटच्या दिवशी मी सामान बांधून वर्गात गेले. भिंतीवर संस्थेचा पहिला नियम रंगवलेला होता, मोठ्या निळ्या अक्षरात. मला आता तेवढं वाचता येत होतं. मिनल यमीन, उजवीकडून. टेबलावर नव्या विहिरीचा गाभा ठेवला होता, पेटीत नाही, नालीदार पत्र्यात.

मी हजेरीची वही उचलायला गेले, तर आमना म्हणाली, "आज मी घेते. तुम्ही बसा."

मी मागच्या बाकावर बसले. तिने वही उघडली आणि पहिलं नाव पुकारलं.

"इदरीस हामिद अल-अमीन!"

दाराशी तिपाईवर बसलेला म्हातारा गडबडला. हातातला कप खाली ठेवावा की नाही, त्याला कळेना. त्याने मुलीकडे पाहिलं. ती वहीतून मान वर न करता थांबली होती. इदरीस उठला, पगडी नीट केली, दारातून आत आला. चौदा महिन्यांत तो पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आला होता.

"हजर," तो म्हणाला.

मग नऊ नावं झाली. आमनाने स्वतःचंही घेतलं आणि स्वतःच हजर म्हणाली, तेव्हा सगळे हसले. मला वाटलं, झालं. मी पिशवी उचलली.

"सुमन ज्ञानोबा धोंडिबा!"

माझ्या बापाचं नाव कुठल्याही शास्त्राच्या वर्गात आजवर कुणी घेतलं नव्हतं. मी उभी राहिले. वर्ग वाट बघत होता, आणि इदरीस माझ्याकडे बघून हळूच बोट आभाळाकडे करत होता. बुडबुडे वर.

"हजर," मी म्हटलं, त्यांच्या, जिलबीतल्या 'ज'ने.